गौडबंगालकर

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो, एक थकबाकीदार असतो आणि एक गौडबंगालकर असतो. पहिल्या तिघांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. चौथ्याचं लागत नाही, कारण ते पद निवडून मिळत नाही. त्याला वृत्ती लागते. वाड्यात तो होता, चाळीत होता, आता टॉवरमध्येही आहे. मजले वाढले, जिन्याशेजारी लिफ्ट आली. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर सगळे घंटा वाजवत असतात, तेव्हा कोपऱ्यातून जो माणूस हळूच म्हणतो, "आजच बरी अडकली!", तो गौडबंगालकर.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले गौडबंगालकर पहिल्या मजल्यावर राहतात. खरं आडनाव वेगळं आहे आणि अगदीच निरुपद्रवी आहे. हे आम्ही बहाल केलेलं. समोर आम्ही त्यांना काका म्हणतो. वय सत्तरीला टेकलेलं, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि घडी घातलेला एक कागद. बोलता बोलता ते त्या कागदावर हात ठेवतात, म्हणजे पुरावा जवळ आहे. (ती वाण्याची यादी असते, असं काकूंचं म्हणणं.) आवाज त्यांना दोन आहेत. पाऊस पडतोय हे सांगताना खणखणीत. पाऊस नेमका मतदानाच्या दिवशीच का पडला हे सांगताना इतका खाली, की ऐकणाऱ्याला वाकावं लागतं. बोलण्याआधी ते मागे वळून बघतात. पाठ भिंतीला टेकलेली असली तरी बघतात.

भेटल्यावर इतर माणसं "काय म्हणताय?" किंवा "झालं का जेवण?" असं विचारतात. काका विचारतात, "काही कळलं?" या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. "नाही" म्हणालात, तर ते इतक्या करुणेनं बघतात की अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आपणच तेवढे अडाणी उरलोय असं वाटावं. "हो" म्हणालात, तर लगेच "काय कळलं?" म्हणून तुमच्याजवळ असेल नसेल ते काढून घेतात, शांतपणे ऐकतात आणि मान हलवून म्हणतात, "हं. हे वरवरचं झालं."

पण काकांना नुसतं संशयी म्हणणं अन्यायाचं होईल. संशयी माणसं पायलीला पन्नास मिळतात आणि त्यांच्याजवळ शब्द एकच असतो. काकांचं तसं नाही. झाकलेल्या गोष्टींना मराठीनं जी नावं दिली आहेत, ती सगळी त्यांनी वापरून, पारखून ठेवली आहेत, आणि एकीचं नाव दुसरीला दिलेलं त्यांना खपत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची स्कूटरची किल्ली सापडेना. जिन्यात ते म्हणाले, "कुठे गेली कळत नाही, रहस्यच आहे." वर जाणारे काका थबकले.

"रहस्य नव्हे. वेंधळेपणा. रहस्याला दुसरा माणूस लागतो."

यात रागाचा भाग नव्हता. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी वेगळी ठेवते तसं त्यांनी ते वेगळं ठेवलं आणि ते वर निघून गेले.

त्यांच्या वर्गवारीत सर्वांत खालची पायरी गुपिताची. गुपित लहान मुलांचं आणि लग्न ठरत आलेल्या मुलींचं. त्यात वाईट काही नसतं, आणि ते सांगण्यासाठीच असतं. फक्त एकेकाला सांगायचं असतं. आमच्या जिन्यातली मुलं काका दिसले की 'च'च्या भाषेत बोलायला लागतात. पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी 'च' लावायचा, एवढंच तिचं व्याकरण. "चजोबाआ चलेआ!" असा पुकारा होतो आणि क्रिकेटचा चेंडू पायरीखाली जातो. काकांना ही भाषा उत्तम येते. त्यांच्या पिढीत ती सगळ्यांनाच येत होती. पण ते न कळल्यासारखा चेहरा करून पुढे जातात. "गुपित फोडायचं नसतं," असं ते एकदा मला म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेलं, अध्याहृत काही नसलेलं असं हे मला आठवणारं एकमेव वाक्य.

गुपिताच्या वर भानगड. भानगडीला किमान दोन माणसं आणि एक पाहणारा लागतो. पाहणारा नसेल तर ती भानगड होत नाही, नुसतं आयुष्य होतं. या शब्दापायी काका ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात भानगढ किल्ल्यावरही जाऊन आले. तो झपाटलेला किल्ला म्हणून प्रसिद्ध आहे, आणि सूर्यास्तानंतर आत थांबायला मनाई असल्याची पुरातत्त्व खात्याची पाटी तिथे आहे. काका ती पाटी बघून प्रसन्न झाले. "सरकारनं लेखी मान्य केलंय," असं त्यांनी आल्यावर सांगितलं. "संध्याकाळी राखणदार घरी जात असेल," काकू म्हणाल्या. "त्यालाही पोरंबाळं असतील."

काकूंबद्दल पुढे सांगतोच.

त्यानंतर गोम आणि मेख. माणसं या दोन्ही एकच समजतात, तिथे काकांच्या कपाळाला आठी पडते. गोम म्हणजे पायाखाली येणारी शंभरपायी ती आहेच. पण घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या अशुभ भोवऱ्यालाही गोम म्हणतात. घोडा धिप्पाड, चाल देखणी, किंमत बेताची. जाणता माणूस हात फिरवून बघणार आणि म्हणणार, यात एक गोम आहे. मेख म्हणजे खुंटी. ती आपोआप उगवत नाही. कुणीतरी बसून ठोकावी लागते. "गोम जन्माची, मेख माणसाची," असं काकांचं सूत्र आहे. बिनव्याजी हप्त्यांवर फ्रीज, अशी जाहिरात आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काका, ही गोम की मेख?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जाहिरातीच्या तळाशी तारा काढून मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात छापलेला मजकूर बघितला आणि निदान केलं, "मेख. ग्यानबाची."

बिंग त्यांना विशेष प्रिय. त्याचं वैशिष्ट्य असं, की ते फुटतं तेव्हाच दिसतं. न फुटलेलं, धडधाकट बिंग आजवर कुणी पाहिलेलं नाही. बिंग ठेवणे, बिंग बाळगणे, बिंग वाढवणे असं कुणी म्हणत नाही; बिंगाच्या नशिबी क्रियापद एकच. गुलदस्ता हा त्याच्या उलट. फारसीत तो फुलांचा गुच्छ. मराठी वर्तमानपत्रांत मात्र त्यात फुलं कधीच नसतात. दर निवडणुकीला उमेदवाराचं नाव असतं. 'उमेदवाराचं नाव अद्याप गुलदस्त्यात' असा मथळा आला की काका तो दोनदा वाचतात आणि समाधानानं चहा मागतात. नाव जाहीर झालेल्या दिवशी ते पेपर उलटा, म्हणजे क्रीडा पानाकडून वाचायला घेतात.

आणि गौडबंगाल. या शब्दाला पैसा लागतो. जिथे पावती नाही, तिथे गौडबंगाल आहे. पण एवढ्यावर काका थांबत नाहीत. तुम्ही थांबलात तर ते मुळाशी नेतात. "हिशेबातला घोळ हा आपण नंतर चिकटवलेला अर्थ. मुळात ही जादू. गौड हा बंगालचा जुना प्रांत. गौर शहराचे अवशेष आजही माल्दा जिल्ह्यात पडलेत. नवनाथ भक्तिसार वाचलाय का? 1819 सालचा, मालूकवीचा. त्यातला गोपीचंद राजा कुठला? गौडबंगालचा. त्यानं जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरलं, वर घोड्यांची लीद टाकली. कित्येक वर्षांनी उकरलं तर नाथ आत जसेच्या तसे! आता सांगा, अशा प्रांताचं नाव चेटकाला पडणार नाही तर कशाला पडणार?" मग मागे वळून बघत: "जादू गेली. ऑडिट राहिलं."

खरं तर हा हिशेब दोन्ही बाजूंनी फिटलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून वर्षानुवर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि तिथल्या आयांनी पोरांना झोपवताना मराठी घोडेस्वारांची, म्हणजे बर्गींची, भीती घालायला सुरुवात केली. बंगालला आपण गाण्यातला बागुलबुवा म्हणून मिळालो, आणि बंगाल आपल्याकडे सोसायटीच्या रंगकामाच्या खर्चात आला. हे मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे संबंध आहेच."

ही घडण झाली कुठे? काकांनी हयात काढली ती एका सरकारी कचेरीत. तिथे माणसाची बढती ज्यावर ठरे त्या कागदाचं नावच 'गोपनीय अहवाल'. लिफाफे लाखेनं बंद होऊन येत आणि दुसऱ्या टेबलाकडे जात. काकांचं काम आवक-जावक नोंदवहीत त्यांचे क्रमांक लिहायचं. आत काय आहे हे न बघता, बाहेरून वजन करून, पुढे पाठवणं. एवढी वर्षं बंद पाकिटं हाताळलेल्या माणसाला उघडं पोस्टकार्ड फिकं वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? तिथल्या भाषेनंही हातभार लावला. प्रकरण 'विचाराधीन' असतं, पण विचार कोण करतोय हे त्या शब्दात नसतं. कार्यवाही 'उचित' असते, पण कोणती ते नसतं. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा काकांचे सहकारी घाबरले. काका घाबरले नाहीत, खट्टू झाले. दहा रुपयांच्या अर्जावर मिळतं ते गुपित कसलं?

त्यांचं वाचनही याच रीतीचं. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी किती वाचल्या याचा त्यांना अभिमान आहे. धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी त्यांना सख्ख्या मामांहून जवळची. फक्त एक गोष्ट मला फार उशिरा समजली: काका रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण वाचत नाहीत. जुन्या वाचनालयातल्या त्या पुस्तकांची मागची पानं बहुधा गळालेली असत. बाकीचे वाचक त्यावर ग्रंथपालांशी भांडत. काकांना मात्र तीच प्रत बरी वाटे. "शेवटच्या पानावर खुनी सापडतो," ते म्हणाले. "मग हातात काय उरतं? एक खुनी."

'रहस्य' शब्दाच्या ओढीनं त्यांनी तरुणपणी गीतारहस्यही घरी आणलं होतं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, 1915 साली छापलेलं, जाडजूड. लेखकावर सरकारचा डोळा. एवढी लक्षणं जुळल्यावर आत काहीतरी दडलेलं असणारच. पण टिळकांनी पुस्तकाच्या नावातच 'अथवा कर्मयोगशास्त्र' असं लिहून शेवट आधीच फोडून ठेवलेला. काका म्हणतात, "थोर माणूस. पण सगळंच सांगून टाकलं."

आता काकू. काकू म्हणजे या घरातलं शेवटचं प्रकरण. त्यांची पद्धत एकच आहे आणि ती काकांच्या अख्ख्या शास्त्राच्या मुळावर येते: त्या विचारतात. वरच्या मजल्यावर एक तरुण राहायला आला. रात्री आठला गाडी त्याला न्यायला येई, पहाटे पाचला आणून सोडी. कुणाशी बोलणं नाही, पाठीवर काळी पिशवी. काकांनी त्याला एकदम 'गूढ' या वर्गात घातलं, जो ते फार जपून वापरतात. त्यात आजवर देव, समुद्र आणि पानशेतचा पूर एवढेच होते. काका आठवडाभर पहाटे पाचला उठून खिडकीत उभे राहत. काकूंनी त्याच्याकडे थालीपीठ पाठवलं. तो रिकामी ताटली परत द्यायला आला.

"अमेरिकेच्या वेळेनं नोकरी करतो हो," काकूंनी दार लावत जाहीर केलं. "मूळचा परभणीचा. बहिणीचं लग्न काढलंय मार्चमध्ये. घरचं खाऊन महिना झाला होता बिचाऱ्याला."

काका खिडकीतून बाजूला झाले. "विचारायची काय गरज होती?" एवढंच म्हणाले. चौकशी हा त्यांच्या दृष्टीनं आततायीपणा. उत्तर माहीत असलेल्या माणसाला थेट प्रश्न विचारणं म्हणजे शब्दकोड्यात उत्तरांचं पान बघणं.

यावरून काकू शहाण्या आणि काका भोळसट, असा निकाल वाचकांनी लावला असेल तर थोडं थांबावं. शेजारच्या देवळात गीतेवर प्रवचनं चालू होती. नववा अध्याय आला. प्रवचनकारांनी अध्यायाचं नाव सांगितलं: राजविद्याराजगुह्ययोग. सगळ्या गुह्यांचा राजा! काकांची पाठ ताठ झाली. परतताना काकू म्हणाल्या, "अहो, हे कसलं गुह्य? भोवती अठरा अक्षौहिणी सैन्य उभं. तिकडे संजय सगळं जसंच्या तसं धृतराष्ट्राला सांगतोय. मग ज्ञानोबांनी नेवाशाला बसून तेच मराठीत सांगितलं, शके 1212 ला, म्हणजे 1290 साली. बायाबापड्यांनाही कळावं म्हणून. दर श्रावणात गावोगाव लाउडस्पीकर लावून पारायण होतं. एवढी बोंबाबोंब झालेली गोष्ट आमच्या माहेरी गुपितात धरत नाहीत."

आम्ही चार पावलं मागे होतो. आज काकांची दांडी उडाली, असं वाटलं. काका चालत राहिले. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी थांबले आणि नेहमीच्या त्या खालच्या आवाजात नाही, तर पावसाबद्दल बोलतात त्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांना सांगितलं. इतकी शतकं सांगतायत. तरी कुणाला कळलंय का? झाकून ठेवलेलं कळत नाही त्यात विशेष काय? उघड्यावर ठेवून कळत नाही, म्हणून तर ते राजगुह्य."

काकूंनी उत्तर दिलं नाही. उसाचे दोन रस सांगितले. एक बिनबर्फाचा, काकांना खोकला होतो म्हणून.

माणसाची खरी परीक्षा स्वतःच्या घरात होते. सोसायटीची वार्षिक सभा होती. रंगकामाचा खर्च वाचला गेला. काका उठले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय." टाळ्या पडल्या. सेक्रेटरी नवे होते, आयटीतले, सरळ मनाचे. त्यांनी इतिवृत्तात नोंद केली, 'सभासदांची पाणी मुरत असल्याची तक्रार', आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. प्लंबर तळमजल्यापासून भिंती ठोकत निघाला. तळमजल्याच्या छताला मोठा ओला डाग होता. डागाच्या बरोबर वर काकांची मोरी होती.

त्या दिवशी काकांचा शब्दसंग्रह डोळ्यांदेखत बदलला. दुसऱ्याच्या घरात असती तर ती भानगड होती. स्वतःच्या घरात ती 'अडचण' झाली. खर्च दुसऱ्यानं केला असता तर गौडबंगाल. आता तो 'अंदाज चुकला'. तळमजल्यावाल्यांनी खवचटपणे विचारलं, "काका, कधीपासून मुरतंय?" तेव्हा काका म्हणाले, "ही तांत्रिक बाब आहे." यात काका एकटे नाहीत. आपल्या सगळ्यांच्या कोशाला ही दोन दारं असतात. शेजारी कुजबुजतो, आपण सल्लामसलत करतो. त्याचं बिंग फुटतं, आपल्याबद्दल गैरसमज पसरवला जातो.

काकांच्या जवळचं सर्वांत धारदार हत्यार अजून सांगायचं राहिलं. ते नाम नाही, क्रियापद नाही. वाक्याच्या शेवटी अलगद येऊन बसणारं दोन अक्षरी 'म्हणे'. 'ते पुण्याला गेले' ही बातमी. 'ते पुण्याला गेले म्हणे' ही कादंबरी. कुणी सांगितलं, खरं का खोटं, पुण्याला कशाला आणि मुळात पुण्यालाच का, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. वर बोलणाऱ्याची जबाबदारी शून्य. खोटं ठरलं तर 'मी कुठे म्हणालो, म्हणे म्हणालो'. ही सोय ज्या पूर्वजानं केली तो नक्कीच कुठल्यातरी वाड्यातला गौडबंगालकर असणार. काका 'म्हणे' उच्चारतात तेही कसं? आधीचं वाक्य पूर्ण करतात, श्वास घेतात, तुमच्या डोळ्यांत बघतात आणि मग सोडतात.

पुढच्या निवडणुकीत आयटीतल्या सेक्रेटरींनी हात जोडले. दुसरं कुणी उभं राहीना. सगळ्या सोसायट्यांत होतं तसंच झालं: ज्यानं सर्वांत जास्त प्रश्न विचारले होते त्याच्या गळ्यात माळ पडली. काका सेक्रेटरी झाले. कार्यालयाच्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात आली. या कपाटाबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं काय काय सूचित केलं होतं! आता ते दार लावून आत बसले. फाइलमागून फाइल काढत राहिले. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय निघालं, काका?" मी विचारलं.

"फिनेलची बिलं," ते म्हणाले. "गच्चीचं कुलूप, तीनशे चाळीस रुपये. पावतीसकट." थोडं थांबून त्यांनी भर घातली, "सगळ्याच्या पावत्या आहेत हो."

निवृत्तीच्या दिवशीही हा माणूस इतका दमलेला दिसला नव्हता. पुढचे काही आठवडे ते फार नियमशीर वागले. "काही कळलं?" बंद झालं, उलट लोकच त्यांना अडवून "काही कळलं?" विचारू लागले आणि ते "सगळं बोर्डावर लावलंय" म्हणून पुढे जाऊ लागले. सगळं माहीत असणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं.

मग टाकी धुवायची वेळ आली. काकांनी सुवाच्य अक्षरात नोटीस लावली: शनिवारी सकाळी 10 ते दुपारी 2 पाण्याची टाकी धुण्यासाठी पाणीपुरवठा बंद राहील. खाली सही, तारीख, शिक्का. एवढ्या उजेडात लिहिलेला कागद आमच्या बोर्डानं याआधी पाहिला नसेल. संध्याकाळी त्यापुढे घोळका जमला.

"शनिवारच का?" चौथ्या मजल्यानं विचारलं.

"सुट्टी असते म्हणून."

"मागच्याच वर्षी धुतली होती ना?"

"दरवर्षी धुतात."

"दहा ते दोनच? चार तास टाकीत करायचं काय असतं?"

"घासायची असते," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "अहो, साधी टाकी धुवायची आहे! बाकी काही नाही!"

'बाकी काही नाही' म्हटल्याबरोबर घोळक्यात नजरानजर झाली. तळमजला म्हणाला, "बाकी काही आहे, असं आम्ही कुठे म्हणालो?" कुणीतरी टँकरवाल्याचं नाव काढलं. कुणीतरी पलीकडच्या बांधकामाचं. परभणीचा तरुण गाडीची वाट बघत उभा होता, तोही जवळ सरकला.

काकांनी सगळ्यांकडे बघितलं. दिवसभर दमून आलेली माणसं होती ती. लोकलमध्ये उभी राहून, साहेबाचं ऐकून, भाजीचे भाव सोसून आलेली. त्यांना उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांना नको होतं. उत्तर घेऊन माणसाला सरळ घरी जावं लागतं. आणखी थोडा वेळ एकमेकांजवळ उभं राहायला त्यांना काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे या इमारतीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. त्यांनी खिशातल्या कागदावर हात ठेवला, आवाज खाली आणला. आम्ही सगळे वाकलो.

"शनिवारी टाकी धुणार आहेत," काका म्हणाले. श्वास घेतला. प्रत्येकाच्या डोळ्यांत एकदा बघितलं.

"म्हणे."

साडेनऊपर्यंत कुणी घरी गेलं नाही.